वाईच्या घाटावर वाम उतरवायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा जणांचा गट, जानेवारीअखेरची संध्याकाळ, वाईचा घाट आणि पंचवीस मिनिटांचं बिनसंवादी सादरीकरण. विषय कृष्णेतून नाहीसे होत चाललेले मासे. प्रत्येकाच्या अंगावर एकेक मोठं माशाचं शिल्प चढवायचं ठरलंय, तेही थर्माकोल कोरून त्यावर पीओपी चढवून. हातात अठरा हजार रुपये आणि सहा आठवडे आहेत, शिवण दोघींना येते. हे टिकेल का, आणि हलकं कसं करायचं, असं विचारलंय.

टिकणार नाही. थर्माकोल आणि पीओपी दोन्ही आजच यादीतून खोडा. पीओपी जड असतं हा त्यातला लहान दोष. खरा घोळ असा की ते ठिसूळ असतं, आणि अंग एका जागी राहत नाही. माणूस श्वास घेतो, वाकतो, पायरी उतरतो, की खाली थर्माकोल दबतं आणि वरचं पीओपी तडकतं. दहाव्या मिनिटाला घाटावर पांढरे टवके पडलेले दिसतील. चपलांच्या दुकानात मिळणारं रबरी सोल्युशन थर्माकोलला लावलं तर ते थर्माकोल खाऊन टाकतं, स्प्रे पेंटही तेच करतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. नदीवरच्या सादरीकरणात ते नदीकाठी नेणं कसं दिसेल, ते तुम्हालाच कळेल.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सगळेजण 'काय करायचं' हे ठरवून बसला आहात, पण बारा जण त्या घाटावर नेमकं कसं चालणार हे कुणीच ठरवलेलं नाही. शिल्प आधी आणि चाल नंतर, हा क्रम उलटा आहे. मी शिल्पकला शिकले तेव्हा मीही असंच करायचे. स्टँडवर, प्रकाश पाडून, चारी बाजूंनी फिरून बघत सुंदर वस्तू करायची आणि शेवटच्या दिवशी ती कुणाच्या तरी अंगावर चढवायची. एका महाविद्यालयाच्या महोत्सवासाठी चौदा पक्षी केले होते. पंख उघडले की साडेतीन फूट. कपडे बदलायच्या खोलीचं दार अडीच फुटांचं. चौदाही पक्षी तिरके होऊन, एकमेकांना ढकलत बाहेर आले, आणि प्रेक्षकांना पहिली झलक दिसली ती दारात अडकलेल्या बगळ्याच्या शेपटीची. तेव्हापासून मी गटाला पहिल्या आठवड्यात काहीही बनवू देत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, आपण ते कलेच्या खात्यात धरत नाही इतकंच. गोव्यात शिगम्याला सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी होते, ती एकदा या नजरेनं बघा. नाचणाऱ्याच्या कंबरेला घोड्याचा सांगाडा बांधलेला असतो. वजन कंबरेवर आणि खांद्यावर वाटलं जातं, नाचणाऱ्याचं तोंड मोकळं, हात मोकळे म्हणून त्यात तलवार धरता येते, आणि पाय झालरीखाली झाकलेले असले तरी त्यांना हवी तेवढी जागा असते. पायातल्या घुंगरांमुळे प्रत्येकाला शेजाऱ्याचा ठेका न बघता कळतो. सामूहिक सादरीकरणासाठी अंगावरचं शिल्प कसं असावं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवात, मुखवटा घातलेलं सोंग संबळाच्या तालावर पुढे-मागे नाचतं, तेही याच हिशोबानं बघा. एवढा मोठा मुखवटा घालून माणूस सैरावैरा धावू शकत नाही, म्हणून त्याचा नाच पावलांत आणि ठेक्यात असतो.

युरोपात जर्मन कलावंत ऑस्कर श्लेमरनं हीच गोष्ट जाणूनबुजून केली. १९२२ साली श्टुटगार्टमध्ये त्याचा 'ट्रायाडिक बॅले' झाला. तीन नर्तक, बारा नाच, अठरा पोशाख. पोशाख म्हणजे गोळे, चकत्या, तारांची वेटोळी. ते घातल्यावर हात खाली येत नाहीत की गुडघा धड वाकत नाही, आणि जे शक्य उरतं तोच नाच. म्हणजे अडचण झाली तरी चालते, ती आधीच ठाऊक असली पाहिजे आणि तालमीत मुरलेली असली पाहिजे.

तुमच्या बाबतीत अडचण आहे पायऱ्यांची. घाटावर पोटासमोर मोठा मासा बांधून उतरलात तर पुढची पायरी दिसणार नाही. एकानं चुकून बसकण मारली तर हसं होईल, पण कुणी डोक्यावर पडलं तर तुमचं सादरीकरण तिथेच संपलं. म्हणून माझा सल्ला: बारा मासे करू नका. आठ जणांची मिळून एक लांब वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, करा आणि उरलेल्या चौघांचे स्वतंत्र मुखवटे करा. वामच का, तर ती मुळातच लांब असते, वळवळत चालते, पाठीवर काटे आणि नागमोडी नक्षी असते, तोंड पुढे निमुळतं असतं. आठ जण एका रांगेत पायऱ्या उतरले की ती आपोआप वळवळते, कुणाला अभिनय करावा लागत नाही. ब्राझीलच्या लिजिया पापे या कलावतीनं १९६८ साली एक प्रचंड पांढरं कापड घेतलं, त्याला भोकं पाडली आणि प्रत्येक भोकातून एकेक डोकं बाहेर काढून माणसं चालवली. त्यात कोरीव काम शून्य. माणसं एकमेकांशी बांधली गेली एवढ्यानं शिल्प झालं. एकट्याचा मासा घाटाच्या पसाऱ्यात खेळण्यासारखा दिसेल, दहा मीटरची वाम मात्र पलीकडच्या काठावरूनही दिसेल.

वामेचं अंग कापडाचं, बरगड्या बांबूच्या. कापड विकत आणू नका, जुन्या सुती साड्या मागा. सहा पाचवारी साड्या पुरतात. हिशोब असा: साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडी कमी रुंद असते. तीन साड्या काठाला काठ जोडून लांबीनं शिवल्या की जवळपास साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा होतो, आणि असे दोन पट्टे पुढे-मागे जोडले की अकरा मीटरची लांबी. जोडावरचे काठ वामेच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत रेषेसारखे जातात. वेगळं रंगवायची गरज नाही. सिंथेटिक साडी अजिबात नको. घाटावर संध्याकाळी कुणी ना कुणी दिवा सोडतंच, आणि सिंथेटिक कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं.

आठ जणांत सात अंतरं. एकेक अंतर मीटरभर धरलं तरी कापड मीटरभर ठेवू नका, १.४ मीटर ठेवा. कारण पायऱ्या. पायरी सात इंच उंच आणि अकरा इंच रुंद धरली तर मीटरभर पुढे गेलेला माणूस साठ-पासष्ट सेंटिमीटर खाली गेलेला असतो, आणि दोघांमधलं तिरकं अंतर १.२ मीटरच्या आसपास होतं. कापड नेमक्या मापाचं असेल तर पुढचा माणूस उतरताच मागच्याची बरगडी ओढली जाते, मग त्याच्या मागच्याची, आणि सगळी रांग कोसळते. उरलेली ढील चालताना आत-बाहेर होते, त्यामुळे वाम श्वास घेतल्यासारखी दिसते ते वेगळंच. सात गुणिले १.४ म्हणजे ९.८ मीटर, उरलेलं सव्वा मीटर डोक्याला आणि शेपटीला.

बरगडी कशी करायची ते नीट सांगते, कारण सगळा डोलारा तिच्यावर आहे. बुरूड आळीत जा आणि नऊ फुटी कामट्या सांगा, बोटभर रुंद, आकाशकंदिलाला लागतात त्याहून जाड. ओल्या बांबूच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर रात्रभर पाण्यात टाका. वाकवताना बांबूची पाठ, म्हणजे गुळगुळीत बाजू, बाहेर ठेवा. तंतू तिथे दाट असतात, ताण तीच बाजू सोसते. कामटी मोडते ती बहुधा पेरावर, म्हणून आतल्या बाजूनं पेर कानशीनं थोडं घासून घ्या, पण पाठीला हात लावू नका. जमिनीवर खडूनं उलट्या यू-चा आकार काढा, त्याच्या कडेनं विटा लावा, ओली कामटी त्यात बसवा आणि दोन दिवस सुकू द्या. अशा तीन कामट्या एकत्र बांधल्या की एक कमान. दोन्ही टोकं कंबरेच्या उंचीवर, माथा डोक्याच्या वीतभर वर. बांधायला सुतळी नको, ती सैल पडते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या कापा आणि ताणून गुंडाळा. पंक्चरवाला फुकट देतो. रबर ताण घेतं आणि परत जागेवर येतं, म्हणून कमान झुलते पण सुटत नाही.

कमान अंगाला बांधायला जुनं शाळेचं दप्तर घ्या, पट्टे धड असलेलं. आत वहीच्या आकाराची प्लायची फळी घाला, फळीला उभी बांबूची काठी, काठीच्या टोकाला कमानीचा माथा. वजन खांद्यावर आणि पाठीवर येतं, कमानीची खालची टोकं हातात राहतात, आणि हात हलवले की बरगडी फुगते. पोटावरून एक आडवा पट्टा नक्की घ्या, नाहीतर दप्तर डावी-उजवीकडे हेलकावे खातं. सगळं मिळून माणशी दीड किलोच्या आत बसलं पाहिजे. वजनकाटा जवळ ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर तोला. 'वाटत नाही जड' हे वाक्य मी खूप ऐकलंय, ते नेहमी दुसऱ्या मिनिटाला बोललेलं असतं.

कापड गुडघ्याच्या जरा खाली संपवा. जमिनीपर्यंत आणायचा मोह होईल, पण मागच्याचा पाय त्यावर पडणारच. आतल्या माणसाला दिसायचं कसं, तर जुनी सुती साडी विरलेली असते आणि अंधारातून उजेडाकडे पाहणाऱ्याला तिच्यातून दिसतं. सूर्य असेपर्यंत आत अंधार, बाहेर उजेड, म्हणजे तुम्हाला दिसेल आणि प्रेक्षकांना तुम्ही दिसणार नाही. दिवस मावळला की हे उलटतं. म्हणून वेळ नीट ठरवा: सूर्य साडेसहाच्या आत मावळेल, तेव्हा साडेपाचला सुरू करून सहाच्या आत पायऱ्यांचा भाग संपवा. आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे तिरके छेद द्या, कल्ल्यांसारखे. दहा मीटर लांबीचं कापड म्हणजे शीडच. नदीवरचा वारा त्यात भरला तर आठही जणांना एकदम ढकलेल. छेदांच्या कडा दुमडून शिवा, नाहीतर साडी टराटरा फाटत जाईल.

उरलेले चार मुखवटे. मरळ, शिंगटी आणि तुम्ही म्हणता ते आणखी दोन. शाडूचा साचा करा, त्यावर साबणाचा हात फिरवा आणि कागदाचे सहा-सात थर चढवा. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरून कळतं. चिकटवायला चिंचोक्याची खळ: चिंचोके भाजून, सालं काढून, दळून, पाण्यात शिजवायची. फेविकॉलपेक्षा स्वस्त, आणि सुकल्यावर कागद टणटणीत होतो. जुने लोक खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे, आणि हा कागद अर्धा तास कुणाच्या तरी नाकाशी, घामाच्या कातडीला लागून राहणार आहे. रोज दोनच थर, सावलीत वाळवायचे, शेवटचं ऊन द्यायचं. घाईनं उन्हात टाकला की एका बाजूनं आखडतो आणि मासा तोंड वाकडं करतो.

मुखवटा तोंडावर घट्ट बसवू नका, टोपीसारखा डोक्यावर ठेवा. बांधकामावरच्या पिवळ्या हेल्मेटच्या आत जी प्लास्टिकच्या पट्ट्यांची टोपली असते, ती काढून मुखवट्याच्या आत बसवा. डोकं आणि कागद यांच्यात बोटभर हवा राहते, मागची पट्टी प्रत्येकाच्या डोक्याप्रमाणे आवळता येते. डोक्यावरचा ऐवज सातशे ग्रॅमच्या वर मी जाऊ देत नाही, आणि वजन पुढे झुकलेलं असेल तर पाचशेच्याही नाही. माशाचं तोंड पुढे येतंच, तेव्हा मागे शेपटीकडे तेवढाच तोल द्या. बघायला माशाच्या डोळ्यांची भोकं वापरू नका, ती बाजूला असतात. माशाचं तोंड उघडं ठेवा, आतून काळा रंग द्या, त्यातून बघा. काळ्या रंगामुळे आतला माणूस दिसत नाही. चष्मा असणाऱ्यांना मुखवटा देऊच नका, वामेत घ्या. पाचव्या मिनिटाला काच धुरकटते.

रंग साधे घ्या: गेरू, काजळी, चुना, बाइंडर म्हणून तीच खळ. हळद उन्हात उडते, पण एका संध्याकाळीपुरती चालेल. मात्र तिच्यावर चुन्याचा हात फिरवाल तर लालभडक होईल, आपलं कुंकू तसंच होतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं पिवळ्या माशाला पांढरे खवले काढले आणि रडत आली. आम्ही तो लाल मासा तसाच ठेवला, सगळ्यांत तोच चांगला दिसला.

संवाद नाहीत म्हणता, मग आवाजाचं काय? अमेरिकेत निक केव्ह या शिल्पकारानं १९९२ मध्ये काटक्या गोळा करून अंगभर वेढणारं एक शिल्प केलं. ते घालून हलल्यावर त्यातून आवाज येतो हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढे ती सगळी मालिकाच 'साउंडसूट' म्हणून ओळखली गेली. तुमच्याकडे जानेवारीत शिरीषाच्या वाळक्या शेंगा झाडावर खुळखुळत असतील, गुलमोहराच्याही मिळतील. वामेच्या काठांना आतून शेंगांचे घोस टाका. शोभेसाठी म्हणत नाही मी, आतल्या आठ जणांना एकमेकांची चाल त्यावरूनच कळणार आहे. पुढच्यानं थांबायचं तर त्यानं दोनदा पाय आपटायचा, शेंगा वाजतील आणि मागचे थांबतील. ही खूण तालमीत इतकी घोटा की विचार करावा लागू नये.

आता वेळ. पहिला आठवडा काहीही न बनवता घाटावर घालवा. आठ जणांनी पाठीवर दीड किलो तांदूळ भरलेली दप्तरं घ्यायची, कंबरेच्या दोन्ही बाजूंना दोरी धरायची, दोरीवर मीटर-मीटरला गाठ. चौघांनी डोक्यावर वेताच्या टोपल्या उपड्या घालायच्या. असे पंचवीस मिनिटं वर-खाली चाला आणि मोबाइलवर पलीकडच्या काठावरून चित्रण करा. कुठली पायरी घसरडी आहे, शेवाळ कुठे आहे, कोण तिसऱ्या मिनिटाला दमतं, उंच माणूस मधे असला की रेषा कुठे मोडते, सगळं दिसेल. उंचीप्रमाणे क्रम लावा, पण सगळ्यांत पुढे उंच माणूस घेऊ नका, पायऱ्यांची सवय असलेला घ्या. दुसऱ्या आठवड्यात एकच कमान आणि एकच मुखवटा करा, तोही कच्चा. ते घालून परत घाट. मग बाकीचं. सहाव्या आठवड्यात नवीन काही करायचं नाही, फक्त दुरुस्ती.

मुखवटा न घातलेली दोन माणसं गटात हवीत. म्हणजे बारा जण पुरणार नाहीत, दोन मित्र-मैत्रिणी आणखी शोधा. त्यांच्याकडे एक पिशवी: दाभण, जाड दोरा, सेफ्टी पिना, केबल टाय, कापडी टेप, ट्यूबच्या पट्ट्या, पाणी आणि स्ट्रॉ. मुखवटा न काढता पाणी पाजता आलं पाहिजे. कुणी हात वर केला की सादरीकरण गेलं उडत, त्याला आधी बाहेर काढायचं, हे सगळ्यांदेखत ठरवून ठेवा. नगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला पत्र तिसऱ्या आठवड्यातच द्या.

अठरा हजारांत हे आरामात होईल, निम्मेही लागणार नाहीत. उरलेल्यांतून टेम्पो चांगला करा. कमानी एकात एक घालून आडव्या रचल्या की बारा माणसांचं सामान छोट्या टेम्पोत मावतं, मात्र मुखवटे खोक्यात, चिंध्या कोंबून. रबरी सोल्युशननं चिकटवलेलं काही असेल तर बंद टेम्पो उन्हात उभा करू नका. माझे तीस खवले एका दुपारी असे गळून पडले होते, आणि ते परत चिकटवायला तीन जणी आणि दोन तास लागले.

आणि मुखवट्यांसाठी डोक्याचा घेर मोजाल तेव्हा केसांसकट मोजा, अंबाडा असेल तर अंबाड्यासकट, आणि सादरीकरण होईपर्यंत कुणी केस कापायचे नाहीत असं बजावून ठेवा. मागे एकीनं ऐन दोन दिवस आधी बॉबकट केला, आणि तिची मरळ पहिल्याच पायरीवर गळ्यापर्यंत खाली आली.